रकाना मातृभाषेचा

निपाणीच्या बसस्थानकावर उतरून देवचंद कॉलेज कुठे म्हणून विचारले, तर कुणीही सहज सांगतो, ‘हे काय, पुढंच की.’ हे ‘पुढं’ दुसऱ्या राज्यात आहे. गाव निपाणी, जिल्हा बेळगावी, राज्य कर्नाटक. कॉलेजचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. मध्ये नदी नाही, डोंगर नाही. तंबाखूच्या वखारींचा वास दोन्हीकडे सारखाच. पोरे सकाळी कर्नाटकात चहा पितात, महाराष्ट्रात शेक्सपिअर शिकतात आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा कर्नाटकात हजर. रेशनकार्ड एका सरकारचे, गुणपत्रिका दुसऱ्या सरकारची. गावातल्या कुणाला याचे काही वाटत नाही. वाटायला लागते ते शिकून झाल्यावर, नोकरीचा अर्ज भरताना.

इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या मुलाचेच घ्या. प्राध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट हवी. नेट देशभर चालते. सेटचे तसे नाही. जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्या राज्यापुरतीच. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेते. कर्नाटकाची के-सेट वेगळी. म्हणजे निपाणीत राहणारा मुलगा अर्जुननगरात बी.ए. झाला, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातून एम.ए. झाला, पुण्याची सेट पास झाला, तरी घरामागच्या कर्नाटकातल्या कॉलेजात त्या सेटला किंमत शून्य. पणजीत चालेल, गडचिरोलीत चालेल, निपाणीत नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो, ही सवलत खरी. पण जागा निघाली तर अर्ज. एरवी इकडे तासिका तत्त्वावर, तिकडे ‘अतिथी उपन्यासक’ म्हणून. दोन्हीकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत हातावर हात. कायमच्या जागेसाठी संस्था जो आकडा सांगतात म्हणून बोलले जाते, त्यात निपाणीत बरे घर होते.

अशा पोरांपैकी काहींनी पासपोर्ट काढला. इथिओपिया, ओमान, सौदी, लिबिया, मालदीव. नर्स, इंजिनिअर, गवंडी परदेशी गेल्याच्या गोष्टी सीमाभागात घरोघर आहेत; इंग्रजी शिकवायला परदेशी विद्यापीठात गेलेला माणूस मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. ‘इंग्रजी शिकवायला? आणि आपल्यातला?’ असा चेहरा लोक करतात. इंग्रजी शिकवायला साहेबाने यायचे आणि आपण शिकायचे, हीच वहिवाट. बेळगावापुरते ते खरेही आहे. लंडन मिशनरी सोसायटीचा जोसेफ टेलर बेळ्ळारीहून बेळगावात आला तो १८२०च्या सुमारास, म्हणजे किल्ला इंग्रजांकडे जाऊन दोन-तीन वर्षे झाली असतील-नसतील. मागाहून विल्यम बेनन आला. १८३२मध्ये मिशनने इंग्रजी शाळा काढली. बेनन आणि स्मिथ या दोन पाद्र्यांची नावे पुढे शाळेला लागली आणि अजून आहेत. बेळगावकर आजही ती दोन आडनावे जोडून, एकाच माणसाचे असावे तसे म्हणतात.

तेव्हा या मुलखातले पहिले परदेशी इंग्रजी मास्तर हे. वर्गात मराठी, कानडी आणि छावणीतल्या पलटणींची तमिळ, तेलुगू पोरे. मास्तरला यातले काही येत असेल-नसेल, पण त्याच्या भाषेबद्दल कुणी शंका घेत नव्हते. तो साहेब होता, एवढे पुरे होते.

साहेब गेले आणि त्यांच्या जागी जे आले, त्यांची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. विनायक कृष्ण गोकाक हे कन्नडचे मोठे कवी, कादंबरीकार. १९९०चा ज्ञानपीठ त्यांचा. पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक, ऑक्सफर्डला जाऊन आलेले. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे ते प्राचार्य होते. म्हणजे मराठी पोरांना इंग्रजी कविता शिकवणारा कानडी माणूस. उलट बाजूला जी. ए. कुलकर्णी. जन्म १० जुलै १९२३, गाव एकसंबे, तालुका चिकोडी, निपाणीपासून लांब नव्हे. वाढले, शिकले बेळगावात. मराठी कथेचा कळस गाठलेला हा माणूस पोटापाण्याला धारवाडच्या जे. एस. एस. कॉलेजात तीस वर्षे इंग्रजी शिकवत होता. ‘निळा सावळा’पासून ‘पिंगळावेळ’पर्यंत सगळे त्या काळातले. सकाळी कानडी पोरांपुढे इंग्रजी तास, संध्याकाळी क्लबात पत्ते, रात्री मराठी. पुण्या-मुंबईच्या साहित्यिकांना ते काळ्या चष्म्याआडचे गूढ वाटायचे. धारवाडात ते इंग्रजीचे सर होते, आणि पोरांना सरांच्या मराठी कथा वाचता येत नव्हत्या.

जी.एं.च्या एकांताबद्दल मराठीत भरपूर लिहून झाले आहे, बरेचसे धुपाच्या वासाचे. माझे मत साधे आहे. ज्या गावात आपल्या लेखनाची भाषा कुणी फारसे वाचत नाही तिथे लेखकाला आपसूक एकांत मिळतो, त्यासाठी विक्षिप्त असावे लागत नाही. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि वाद झाल्यावर त्यांनी तो परत केला, तेव्हा गाजावाजा महाराष्ट्रात झाला. धारवाडच्या वर्गात त्या आठवड्यातही इंग्रजीचाच तास चालू राहिला असणार.

आणि गोकाकांचे पुढे काय झाले? १९८० साली कर्नाटक सरकारने भाषाविषयक समिती नेमली, अध्यक्ष गोकाक. माध्यमिक शाळेत प्रथम भाषा कन्नडच असावी, अशी शिफारस समितीने केली. ती लागू व्हावी म्हणून १९८२मध्ये जे आंदोलन पेटले त्याचे नेतृत्व नट राजकुमार यांनी केले. त्याचे नावच ‘गोकाक आंदोलन’. सीमाभागातल्या मराठी घरांत ते नाव अजून कडवटपणे घेतले जाते. सांगली-कोल्हापुरात मराठी मुलांना इंग्रजी शिकवलेल्या, जगभरचे साहित्य वाचलेल्या माणसाच्या अहवालाने हे व्हावे, याचे नवल करणारे भेटतात. मला नवल वाटत नाही. जो आयुष्यभर दुसऱ्याची भाषा शिकवतो त्याला आपल्या भाषेची काळजी इतरांपेक्षा जास्तच लागते. जी.एं.नी ती काळजी कथा लिहून वाहिली, गोकाकांनी अहवाल लिहून. कथेने कुणाची शाळा बदलत नाही, एवढा फरक.

मराठीत परदेशी विद्यापीठातल्या इंग्रजी मास्तरावर कादंबरी आहे, आणि तिचा लेखकही सीमाभागातला आहे हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. विलास सारंग यांचा जन्म १९४२चा, कारवारचा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात गेले, आणि दाव्याच्या गावांमध्ये तेही आहे. सारंग मुंबईत शिकले, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९७४पासून १९७९पर्यंत इराकमध्ये बसऱ्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी १९८३ची. एन्की हा सुमेरियन लोकांचा गोड्या पाण्याचा देव, आणि त्याचे एरिडू हे शहर दक्षिण इराकमध्येच. शात-अल-अरब, खजुराची बने, भिंतीवर सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्यांची चित्रे, आणि वर्गात बसलेल्यांपैकी कोण काय कुणाला कळवील याचा भरवसा नसलेला मराठी प्राध्यापक. सारंग परतले त्या वर्षी सद्दाम हुसेन अध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी इराणशी युद्ध सुरू झाले आणि बसरा तोफांच्या माऱ्यात सापडले. नंतर सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख झाले, आणि पुन्हा कुवेतला शिकवायला गेले. मराठीतही लिहिले, इंग्रजीतही. त्यांच्या मराठीला इंग्रजीचा वास येतो म्हणणारे होते. सीमेवर जन्मलेल्याच्या कुठल्याही भाषेला कसला ना कसला वास येतो म्हणणारे असतातच.

निपाणीतले जे सर मला भेटले त्यांनी सारंग वाचलेले नाहीत. ‘नाव छापू नका, बाकी काय ते विचारा,’ म्हणाले. ते इथिओपियात एका सरकारी विद्यापीठात काही वर्षे इंग्रजी शिकवत होते. २०००नंतर त्या देशाने डझनांनी नवी विद्यापीठे काढली. इमारती झाल्या, शिकवणारे कमी पडले, आणि भारतातून प्राध्यापक बोलावले गेले. उच्च शिक्षणाचे माध्यम तिथे इंग्रजी आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला इंग्रजीचा तास लागतोच.

सरांचा पहिला दिवस त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा आहे. वेळापत्रकात तास दोन वाजता. सर जेवून, इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी दोनला वर्गात हजर. वर्ग रिकामा. शिपाई हसतोय. इथिओपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. दोन वाजताचा तास सकाळी आठलाच होऊन गेला होता. पोरे तासभर वाट बघून गेली होती. कॅलेंडरही निराळे. वर्षाचे महिने तेरा, शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा; नवे वर्ष आपल्या सप्टेंबरच्या ११ किंवा १२ तारखेला; आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे. दोन हजार साल त्यांनी २००७च्या सप्टेंबरात साजरे केले. ‘घरी फोन केला तर आई म्हणाली, मग तू आठ वर्षांनी लहान झालास की रे. लग्नाचं वय जाईना म्हणायचं!’

मान मिळायचा. चहाच्या टपरीवर म्हातारे उठून हात मिळवायचे आणि सांगायचे, मला शाळेत भारतीय मास्तर होते. सम्राट हैले सेलासीच्या काळात, म्हणजे १९७४पूर्वी, हजारो भारतीय शिक्षक तिथल्या शाळांत होते, त्यांत केरळचे फार. इथिओपियातली एक अख्खी पिढी केरळी उच्चारांचे इंग्रजी शिकून मोठी झाली. निपाणीच्या सरांना त्या पुण्याईवर बसायला खुर्ची मिळायची.

पण खरी गोष्ट वर्गातली. चाळीस-पन्नास पोरे. कुणी अम्हारिक बोलणारे, कुणी ओरोमो, कुणी तिग्रिन्या, कुणी सोमाली. इथिओपियाच्या १९९५च्या राज्यघटनेने देशाची राज्ये भाषा आणि वांशिक गटांवर आखली. आपण १९५६ला केले, त्यांनी चाळीस वर्षांनी. ओरोमो लोकांनी इथिओपियाची जुनी लिपी सोडून रोमन लिपी घेतली; जुनी लिपी अम्हारिकवाल्यांची वाटायची, हे त्याचे एक कारण. वेलकाइत नावाचा भाग आहे, तो अम्हारांचा की तिग्रेचा यावर भांडण. राजधानीची हद्द ओरोमियात वाढवण्याच्या आराखड्यावरून २०१४पासून विद्यार्थी रस्त्यावर आले. ऑक्टोबर २०१६मध्ये आणीबाणी लागली.

‘मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही,’ सर म्हणाले. ‘वर्गात एक अवघड शब्द आला. पुढच्या बाकावरच्या पोरानं मला मदत म्हणून त्याचा अर्थ अम्हारिकमध्ये मोठ्यांदा सांगितला. मागची चार पोरं एकदम गप्प झाली. मी म्हटलं, अरे हे तर आपलं बेळगावातल्या टिळकवाडीचं कॉलेज!’

याचा अर्थ बेळगावात शिकवलेल्यालाच नीट कळेल. इथल्या बी.ए.च्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली, कन्नड माध्यमातून आलेली, उर्दू माध्यमातून आलेली मुले शेजारीशेजारी बसतात. पुण्यातला इंग्रजीचा मास्तर अडला की मराठीत शिरतो; तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपली इंग्रजी शिकवण्याची रीतच तशी आहे. बेळगावात ते जमत नाही. ‘रिलक्टंट’चा अर्थ मराठीत सांगितला की कन्नड बाके मान वर करतात, कन्नडमध्ये सांगितला की मराठी बाके. दोन्हीत सांगितला तर उर्दूवाले हसतात, ‘सर, हमारा?’ म्हणून इथला जाणता मास्तर तो शब्द करून दाखवतो. खडू खाली ठेवतो, दारापर्यंत जातो, मागे वळून बघतो, अर्धे पाऊल बाहेर टाकतो, परत घेतो. सगळा वर्ग ओरडतो, कळलं सर! परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांना हेच कौशल्य महागडे प्रशिक्षणवर्ग लावून शिकवतात: विद्यार्थ्यांची भाषा न वापरता अर्थ पोचवायचा. सीमाभागातला मास्तर ते नाइलाजाने शिकलेला असतो, आणि त्याचे प्रमाणपत्र कुणी देत नाही.

त्या दिवसापासून सरांनी वर्गात नियम केला, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही. पोरांनी तो आनंदाने पाळला. इंग्रजीवर कुणाचाच हक्क नसल्यामुळे कुणाचीच हार होत नव्हती. ‘आणि मला तिथं कुणी विचारलं नाही, तू मराठी का कन्नड. इंडियन म्हटलं की विषय संपला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.’

करार संपला, नूतनीकरण झाले नाही, सर परतले. नोव्हेंबर २०२०मध्ये तिग्रेत युद्ध पेटले तेव्हा तिथले फोन आणि इंटरनेट बंद पडले. तिग्रेतल्या ओळखीच्यांची खबर त्यांना कित्येक महिने मिळाली नाही. त्याबद्दल त्यांनी जास्त बोलायचे टाळले.

आखातातले चित्र वेगळे. तिथे विद्यापीठात घेतलेल्या मुलांना आधी पायाभूत वर्षभर इंग्रजी शिकवतात आणि त्यासाठी परदेशी शिक्षक लागतात. बेळगावातल्या एका मुलीने ओमानचा विचार केला होता. इंग्रजीत एम.ए., हुशार. तिच्याकडून मी कागदपत्रांची कथा ऐकली. प्रमाणपत्र ज्या राज्याचे, त्या राज्याचा शिक्का आधी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. तिची पदवी कोल्हापूरची, म्हणजे महाराष्ट्राचे दार. जन्मदाखला बेळगावचा, म्हणजे कर्नाटकाचे दार. जन्मदाखल्यावर ‘बेळगाव’, पासपोर्टवर ‘बेळगावी’, कारण १ नोव्हेंबर २०१४ला शहराचे नाव बदलले. दोन्ही एकच गाव आहे हे सांगणारे प्रतिज्ञापत्र आणखी वेगळे. वडील म्हणाले, ‘सुप्रीम कोर्टात २००४पासून दावा पडलाय, तिथं सुटत नाही ते तुझ्या नोटरीकडं शंभर रुपयांत सुटलं बघ.’

आखाती पोरांच्या तोंडी ‘प’ येत नाही, कारण अरबीत तो नाही; पार्किंगचे बार्किंग होते. आपल्याकडच्या माणसाचा ‘व्ह’ आणि ‘व’ एकमेकांत मिसळतो, ‘ट’ टाळूला जाऊन आपटतो. दोघे मिळून ज्या इंग्रजीवर येतात ती लंडनची नसते, पण मस्कतच्या विमानतळावर, इस्पितळात, तेल कंपनीत तीच चालते. तिथला पाकिस्तानी डॉक्टर, फिलिपिनो नर्स आणि मल्याळी हिशेबनीस एकमेकांशी तिच्यातच बोलतात.

अडचण येते जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत: इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक हवा. मातृभाषा ओळखायची कशी? दक्षिण कोरियाने सोपा मार्ग काढला, पासपोर्ट बघायचा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सातांपैकी असेल तर भाषाशिक्षकाचा व्हिसा. दक्षिण आफ्रिकेत घराघरांत झुलू, खोसा, आफ्रिकान्स बोलतात, तरी ती यादीत आहे. भारतासाठी १ जानेवारी २०१०पासून लागू झालेल्या व्यापार करारात एक खिडकी उघडली, अध्यापनाची पदवी असलेल्या भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून. सहायक. चीनमध्येही इंग्रजी शिकवायला साधारणपणे इंग्रजी मातृभाषेच्या देशाचा नागरिक लागतो. आखातात भारतीयाला जागा मिळते, पण एकाच स्टाफरूममध्ये एकाच तासाचा पगार पासपोर्टच्या रंगावर ठरल्याच्या तक्रारी तिथून आलेले लोक करतात. पंचवीस वर्षे व्याकरण घोटलेला माणूस आणि काल पदवी मिळालेला मँचेस्टरचा पोरगा यांत दुसऱ्याचे पारडे जड, कारण तो तिथे जन्मला.

सीमाभागातल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. इथेही भाषा विचारतात ती किती येते म्हणून कमी, कुणाच्या घरी जन्मलास म्हणून जास्त. फाडफाड कन्नड बोलणारा मराठी पोरगा बंगळुरात आडनावावरून ओळखला जातो. बेळगावी हेल काढणाऱ्याला पुण्यात ‘तुम्ही कानडी का हो?’ विचारतात. इंग्रजी घेतली की यातून सुटका, असे इथल्या दोन पिढ्यांना वाटले. धारवाडच्या वर्गात, इथिओपियातल्या वर्गात ती सुटका काही तासांपुरती खरीही होती. व्हिसाच्या अर्जात पुन्हा तोच मातृभाषेचा रकाना आला. बेळगावच्या त्या मुलीने तिथे ‘मराठी’ लिहिले. एजंटाने इंग्रजी लिहायला सुचवले होते. ती म्हणाली, ‘आजोबा एक नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत जायचे. मी तिथं इंग्लिश लिहिलं असतं तर त्यांनी घरात घेतलं नसतं.’ ओमानला ती गेली नाही. तिची नेट झाली. आता ती ज्या कॉलेजात शिकवते तिथे वर्षाअखेरीला करार नवा होतो.

निपाणीचे सर आता क्लास घेतात. वखारीच्या वरचा मजला, पत्र्याचे छप्पर, पांढरा फळा. सुरुवातीला स्पोकन इंग्लिश, मग परदेशी जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींसाठी आयईएलटीएस. बहुतेकींच्या आया विड्या वळतात. सकाळच्या तुकडीत मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही, आणि नियम इथिओपियातलाच. मी गेलो तेव्हा ते ‘रिलक्टंट’ करून दाखवत नव्हते; फळ्यावर तक्रारीचे पत्र लिहून घेत होते आणि ‘युवर्स फेथफुली’नंतर स्वल्पविराम का, हे एका मुलीला तिसऱ्यांदा सांगत होते.

गिऱ्हाईक मात्र बदलतेय. मुलींना आता जर्मनीला जायचे आहे. तिथे इंग्रजी चालत नाही, जर्मन बी-टू पातळीपर्यंत लागते. महाराष्ट्राने २०२४मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत. निपाणीच्या मुलींनी कुठल्या राज्यातून अर्ज करायचा, हे सरांनाही अजून नीट कळलेले नाही. ‘ते बघू नंतर,’ म्हणाले. ‘तुमच्या बेळगावात कुणी जर्मन शिकवणारं असलं तर सांगा. आठवड्यातनं दोन दिवस आलं तरी चालेल, एसटीचं भाडं देतो. मराठी येत नसली तरी चालेल.’